ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या टोप्या आणि टाक्या

आरोग्य निरीक्षकाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ढाब्याच्या स्वयंपाकघरात दिवा लावला की झुरळांसारखे तेच बाहेर पडतात! ऐकणारे पोट धरून हसतात. माझं मात्र डोकं फिरतं. गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या सहलीची पोरं आमच्या आरोग्य केंद्रात सलाइन लावून पडली होती. ताम्हिणीच्या रस्त्यावर कुठंतरी पाणी प्यायली होती. कुठं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक ढाब्याची टाकी उघडून बघतो.

*

आमची जीप पौडहून निघाली की फोन पुढे पळतात. एकदा माले गावच्या ढाब्यावर सगळे आचारी पांढऱ्या टोप्या, ॲप्रन घालून उभे. मी खूश! पुढच्या ढाब्यावरही टोप्या. तिसऱ्या ढाब्यावर ॲप्रनवरचा हळदीचा डाग ओळखीचा वाटला. एकच सेट मोटरसायकलवरून आमच्या पुढे धावत होता! मी खवळलो, तर मालक मलाच म्हणतो, "सायेब, जीप जरा हळू चालवा की! टोप्या आणताना पोरगं वळणावर पडंल एखाद्या दिवशी!"

*

दुसऱ्या एका ढाब्यावर विचारलं, "पेस्ट कंट्रोल?"

मालकानं पिठाच्या डब्यावर झोपलेलं मांजर दाखवलं. "ही काय, पर्मनंट हाय!"

माश्या मारायचं मशीनही होतं, पण बंद. का? "गिऱ्हाईक आलं की बंद करतो. माश्या चटचट जळत्यात, जेवताना बरं न्हाई वाटत."

*

आता हे सगळे अडाणी म्हणावं, तर मुठा गावच्या एका फार्मस्टेवाल्या मॅडम! पुण्याच्या, शिकलेल्या. डाळीच्या पिंपात उंदराच्या लेंड्या दाखवल्या, तर म्हणाल्या, "आम्ही इथे निसर्गासोबत राहतो, सर." गिऱ्हाइकांनाही निसर्गच वाढताय का, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी माझ्या उद्धटपणाची वर तक्रार केली!

*

आणि ताम्हिणीचे दत्तूशेठ. त्यांच्या टाकीला झाकण नव्हतं, आत मेलेला उंदीर तरंगत होता. "काढतो की," म्हणाले, जणू चहात माशी पडली होती! टाकी रिकामी करा, घासा, ब्लीचिंग टाका, असं मी ओरडून सांगितलं.

आठवड्यानं पुन्हा गेलो. शेठ गल्ल्यावर हात जोडून उभे. "टाकी चकाचक केली, सायेब. देवाशपथ! आमी सोता तेच पानी पितो."

समोरच्या टेबलांवर एका शाळेची सहल नुकतीच बसली होती. वेटर जगमधून पाणी ओतत होता. मी टाकी बघायला निघालो, तेवढ्यात शेठची चिमुरडी नात खेळून धापा टाकत आत आली आणि तिनं टेबलावरचा भरलेला ग्लास उचलून तोंडाला लावला.

शेठनी गल्ल्यावरून झेप घेतली आणि तिच्या हातातला ग्लास उडवला.

"ए चिमे! आपला माठ आत हाय ना? ते गिऱ्हाइकांचं पानी हाय!"