बिनकानाचा कप

प्रभुभोजनाला मी घरून कप घेऊन गेले होते.

हसा. आता मीही हसते. जालन्यातलं आमचं चर्च. पांढऱ्या कापडाचं मेज, त्यावर चकचकीत एक प्याला. सगळी मंडळी रांगेनं पुढं जाऊन त्या एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घेत होती. माझी पाळी आली तसा मी पदराखालून कान तुटलेला कप काढला आणि पाळकांसमोर धरला. लांबून. वरून ओता म्हणून.

पाळकांचा हात थांबला. बाकावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. पहिल्या बाकावर मोठ्या बाई बसायच्या, रिटायर हेडबाई, चर्चमधलं सगळ्यात जुनं घराणं. त्या म्हणाल्या, "ओता, पाळक. शहाणी आहे ती. दर वेळी आणत जा हं, पोरी."

पाळकांनी ओतलं.

लग्न आणि बाप्तिस्मा होऊन महिनाच झाला होता. माहेर अंबड तालुक्यातलं, मांगवाड्यातलं. मालकाच्या शेतात कापूस वेचायला जायचो. आम्हा बायांचे कप गोठ्याच्या आढ्याला खोचलेले. दुपारी आपला कप काढायचा. मालकीण हातभर उंचावरून चहा ओतायची. प्यायचा, धुवायचा, परत खोचायचा. मला वाटलं, जगभर असंच असतं. देवाघरीसुद्धा. कप विसरले तर म्हणतील, कसली बिनवळणाची सून आणली.

आणि बाईंनी शहाणी म्हटल्यावर मी फुगले की! घरी येऊन सासूला म्हटलं, "आत्याबाई, मोठ्या बाई मला शहाणी म्हणल्या." आत्याबाई चूल फुंकत होत्या. फुंकतच राहिल्या. त्या स्वतः शेवटच्या बाकावर बसायच्या आणि सगळ्यांचं झाल्यावर उठायच्या.

चार वर्षं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. कप राखेनं घासून, फडक्यात गुंडाळून. येडपट मेली.

पाळकांचं एक आवडतं प्रवचन होतं. देव माणसाच्या मनाच्या दाराशी उभा असतो. कडी आतून असते. तो कडी तोडत नाही, लाथ घालत नाही. वाजवतो, थांबतो, परत वाजवतो. आत घेतलं तर तुमच्याबरोबर जेवायला बसतो. मी दर वेळी मान डोलवायचे आणि मनात संध्याकाळच्या कालवणाचा विचार करायचे.

एका रविवारी मान डोलायची थांबली.

दाराबाहेर उभं राहणं मला कोण शिकवणार? मालकाच्या पायरीखाली उभं राहून हाका मारायच्या, "माय, पाणी वाढा जी." आतून कोणी येईपर्यंत उन्हात. आतल्यांना कधी घाई नसायची. आणि हा देव तसाच उभा? माझ्या दाराशी? वर मलाच विचारतो, येऊ का? जन्मात मला असं कोणी विचारलं नव्हतं. मुकादम तर आमच्या दाराला लाथ घालूनच कामाला उठवायचा.

मी मनात म्हटलं, ये. बस.

रडलेबिडले नाही. पण डोक्यात खिळा घुसला तो घुसलाच. ह्याला माझ्या ताटात चालतं, मग बाईंना काय धाड भरली? माझा कप वेगळा ठेवतात म्हणजे माझ्यात बसलेल्यालाच वेगळं ठेवतात. बाईंचा खापरपणजाही आमच्या मांगवाड्यासारख्याच एका वाड्यातून उठून बाप्तिस्म्याला गेला होता. त्यांच्या घरात शाळा आधी पोचली, आमच्यात नाही. एवढंच मोठेपण.

कप मी कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतला.

पुढच्या प्रभुभोजनाला मोकळ्या हातानं गेले. पहिल्या रांगेत घुसले, मुद्दाम बाईंच्या पुढं. प्याला दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला. खोटं कशाला बोलू, लागतो त्यापेक्षा मोठाच घेतला.

पाळकांनी फडक्यानं कड पुसली आणि प्याला बाईंपुढं केला. बाईंनी तोंडाला रुमाल लावला. "आज पोट बरं नाही माझं." जाऊन बसल्या. त्यांच्या मागच्या तीन घरांचं पोट त्याच मिनिटाला बिघडलं.

संध्याकाळी पाळक घरी आले. सलाम झाला, चहा झाला. मग म्हणाले, "ताई, मन एका दिवसात उघडत नाही. देव किती धीर धरतो बघा. तुम्हीही धरा. तोवर शेवटी येत जा, नाहीतर कप आणा."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, देव भाईर उभा ऱ्हाऊन धीर धरून राह्यला. मीबी भाईरच उभी है. आत बसल्यात त्या बाई. मंग मला काय सांगता? त्यायला सांगा, कडी काढा म्हनून."

पाळक उठले.

आता चर्चमध्ये फरशी चकाचक आहे, पडद्यावर गाणी दिसतात. बाई मातीत गेल्या. तरुण पाळक म्हणतो, "आजी, झालं गेलं, क्षमा करून टाका." कोणाला करू? मागायला तर कोणी आलं नाही. देवाच्या धीराला अंत नसेल. माझ्या धीराला आहे आणि तो त्याच दिवशी संपला. मी पहिल्या रांगेतच उभी राहते. माझ्या नाती माझ्या पुढं. ज्याचं पोट बिघडायचं त्याचं बिघडो.

पण त्या वेळी एवढी धीट नव्हते, हेही सांगते. पाळक घरी येऊन गेल्यावर पुढच्या महिन्यात मी परत पहिल्या रांगेत गेले तर बाईंचा मुलगा आडवा आला. "मागं व्हा," म्हणाला. सगळं चर्च बघत होतं. आणि माझी टाच उचलली गेली. मागं व्हायला. खरंच.

पाठीला कोणाचं तरी हाड टोचलं. आत्याबाई. शेवटच्या बाकावरून कधी उठल्या, कधी माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या,

"हालू नको पोरी. तू हाललीस तर मलाबी मागं सरकावं लागंल, आन् मला आता सरकायचं न्हाई."