गळ्यातल्या पिशवीचा कोड

डिचोलीच्या इस्पितळात बिलांचे कोड भरणारा तो माणूस चष्मा कपाळावर चढवून कागद वाचायचा आणि प्रत्येक बोलणं "बरें तर" म्हणून संपवायचा. सासूबाईंच्या गळ्यात, अन्ननलिकेला, पिशवी झाली होती; प्यालेली पेज तिथे साचून परत यायची. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली, पण नुसत्या तपासणीसाठी दाखल कशाला, म्हणून विमा कंपनीने मंजुरी नाकारली. मी भांडायला खाली त्याच्याकडे गेले. त्याने कागद पाहिला.

"वैनी, तपासणेचो कोड पडला. चूक म्हजीच, बरें तर."

लगेच त्याने शस्त्रक्रियेचा कोड घातला आणि कंपनीला फोनवर ठणकावलं, "पिशवीची भिंत कापणार आहेत. म्हातारीला पेज गिळायची आहे, बरें तर!"

दुपारी मंजुरी आली. शस्त्रक्रियेनंतर तो मुद्दाम वर आला आणि सासूबाईंची पेजेची वाटी रिकामी होईपर्यंत "सवकास, बरें तर" म्हणत उभा राहिला.

"आतां फाइल बंद," तो म्हणाला.

"बरें तर!" सासूबाईच ठणठणीत आवाजात म्हणाल्या.