साखरपुड्याच्या फोटोतला चेहरा

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. एकदा का थंड झाला, की माझी हिंमतही थंड होते. आणि हसायचं असेल तर मधेमधे हसून घ्या, शेवटी सगळे एकदम हसलात तर मला सहन होणार नाही!

तर मी सिंदेवाहीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, हे तुम्हाला माहीत आहे. मध्यंतरी मी चांगल्यापैकी कॅमेरा घेतला. आता आपल्या भागात कॅमेरा घेतला की लोक एकच प्रश्न विचारतात, "वाघ भेटला का?" मला आजवर वाघ तर सोडा, वाघाची शेपटीही भेटलेली नाही. मग मी म्हटलं, आपण अंधाराचे फोटो काढू. अंधार आपल्याकडे भरपूर. त्याला जिप्सी लागत नाही, गाईड लागत नाही, आणि तो पळूनही जात नाही!

बल्लारपूरला आम्हा फोटोवेड्यांचा एक ग्रुप आहे. महिन्यातून एकदा जमायचं, एकमेकांचे फोटो भिंतीवर मोठे करून पाहायचे आणि चिरफाड करायची. चिरफाडीचे मुख्य सर्जन वासेकर सर, निवृत्त इंजिनिअर. संध्याकाळच्या तलावाचा माझा पहिला फोटो पाहून ते म्हणाले, "गुरुजी, हा तलाव हाय का डांबरी रोड?"

पण शिकवलंही त्यांनीच. कॅमेरा तिपाईवर, म्हणजे ट्रायपॉडवर, घट्ट बसवायचा. शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. उजेड कमी असेल तर टॉर्च घेऊन, भिंतीला चुना लावावा तसा, हळूहळू उजेड फिरवायचा. आणि एक गोष्ट तर मी काळजावर कोरून ठेवली. शटर उघडं असताना अंधारातून चालणारा माणूस फोटोत येत नाही. गायब!

मी ती अर्धीच कोरली होती, हे पुढे कळेल.

चिमूरकडे आमचं गाव. तिथे दादा-वहिनी असतात. त्यांच्या शीतलचा साखरपुडा ठरला. मुलगा बल्लारपूरचा, निखिल. कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. निखिलला आई नाही, आत्यानं वाढवलं. त्यामुळे तिकडचा सगळा कारभार आत्याबाईंच्या हातात. बाई अशा, की वरणाचा एक घोट घेऊन हिंग कोणत्या दुकानातला ते सांगतील.

दिवेलागणीला अंगठ्या घालून झाल्या आणि पेढ्याचा डबा उघडतो न उघडतो तोच लाइट गेली. जावई इलेक्ट्रिशियन, आणि त्याच्याच साखरपुड्यात अंधार! लोकांनी फटाफट मोबाइलचे टॉर्च लावले.

मी ओरडलो, "बंद करा ते! सगळे बंद करा!"

अहो, असा अंधार आयता कुठे मिळतो? समोर समई लावली. मागे शीतल-निखिलला बसवलं. बाकी सगळ्यांना अंगणात हाकललं. मी मुद्दाम काळा शर्ट घालूनच गेलो होतो. काचेवर चमक नको म्हणून चष्माही काढून खिशात ठेवला. तयारी म्हणजे काय!

"हलायचं नाही," मी दोघांना सांगितलं. "श्वाससुद्धा जपून घ्या."

शटर उघडलं आणि टॉर्च मुठीत दाबून मी मांजराच्या पावलांनी त्यांच्याभोवती फिरायला लागलो. थोडा उजेड निखिलच्या फेट्यावर, थोडा शीतलच्या शालूवर. शेवटी तिच्या मागे जाऊन केसांवर जरासा. केसातला गजरा मोठा सुंदर होता हो, तिथे माझा हात जरा रेंगाळला.

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "फोटो काढून राह्यले का ऑपरेशन करून राह्यले?"

फोटो मात्र असा आला, असा आला म्हणता! सगळं सोन्याचं. घरी येऊन लॅपटॉपवर घेतला, सावल्या थोड्या उजळल्या आणि दोन्हीकडच्या घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. मग पांघरूण घेऊन, कौतुक कोण कोण करेल याचा विचार करत झोपलो.

सकाळी दादाचा फोन. "अरविंद, आत्याबाई विचारून राह्यल्या, पोरीच्या मांगं कोनाचं तोंड हाय?"

"कोणाचं म्हणजे? तिथे कोणीच नव्हतं!"

"मले बी दिसून राह्यलं ना बापा!"

फोटो उघडून पाहिला. शीतलच्या खांद्यामागे, काळोखात, खरंच एक चेहरा. फिकट. खाली धड नाही, हात नाहीत. नुसता हवेत तरंगणारा चेहरा!

पण मी विज्ञान शिक्षक. मी म्हटलं, "दादा, घाबरू नको. कमी उजेडात फोटोत दाणे येतात, त्याला आम्ही नॉइज म्हणतो. सांग आत्याबाईंना, नॉइज आहे."

अर्ध्या तासात निरोप परत आला. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "आवाजाले मिशा रायते का?"

आता आली का पंचाईत! शीतलच्या मागे मिशीवाला माणूस म्हणजे लोक काय काय अर्थ काढतील? मी लॅपटॉप उघडून बसलो. दाणे घालवले. कडा कोरल्या. सावल्या आणखी उजळल्या. म्हटलं, स्वच्छ केलं की हे आपोआप नाहीसं होईल.

नाहीसं कुठलं? उलट स्पष्ट झालं! रुंद कपाळ. बसलेले गाल. मान जरा वाकवून शीतलकडे मायेनं पाहणारे डोळे.

माझा हात माउसवरच थांबला. ते आमचे बाबा होते.

खरं सांगतो, तेव्हा विज्ञानबिज्ञान काही आठवलं नाही. बाबा गेले तेव्हा शीतल शाळेत होती. "हिच्या लग्नात मी नाचणार," म्हणायचे. मी दादाला फोन केला, आधी रडलो आणि मग सांगितलं, ते बाबा आहेत. मग वहिनींनी फोन घेतला.

"भाऊजी, मामाजी आले होते! नातीचा साखरपुडा पाहाले आले होते!"

वहिनींनी चिमूरला जाऊन तो चेहरा मोठा करून आणला. फ्रेम केली. देवघराशेजारी लावली. झेंडूचा हार, उदबत्ती, सगळं. रविवारी मीही गेलो, नारळ फोडला आणि फ्रेमसमोर डोकं टेकवलं. गाव दर्शनाला यायला लागलं. बाया हात जोडून म्हणायच्या, "काय तेज हाय चेहऱ्यावर!" वहिनींच्या डोळ्यांचं पाणी तर खळत नव्हतं. "जिवंतपणी इतके तेजस्वी नाई दिसले जी मामाजी!"

आणि त्याच आनंदात वहिनींनी फोन करून आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं.

तिकडून फोन खाडकन बंद झाला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "मेलेलं मानूस ज्या घरात उभं रायते, तिथली पोरगी आमाले नाई पाहिजे."

झालं! दादा डोकं धरून बसला. निखिल बिचारा शीतलला चोरून फोन करून सांगायचा, मी आत्याला समजावतो. शीतलनं जेवण टाकलं. मला म्हणाली, "काका, मोबाइलनं साधा फोटो काढाले काय झालं होतं तुमाले?" लेकराचं लग्न मोडायला आलं होतं आणि ते माझ्या तिपाईवर मोडायला आलं होतं!

शेवटी निखिलनं आत्याबाईंना कसंबसं तयार केलं. एकदा घरी येऊन फोटो नीट पाहा, मग ठरवा. त्या येणार म्हटल्यावर मला एक अक्कल सुचली. मी अख्खा फोटो वासेकर सरांना पाठवला. म्हटलं, एवढा जाणकार माणूस, त्यानं सांगितलं की हे पवित्र आहे, भिण्यासारखं नाही, तर बाई ऐकतील.

आत्याबाई आल्या. फ्रेमसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाजूला निखिल, दारात शीतल, मागे अर्धी गल्ली. इतक्यात माझा मोबाइल वाजला. सरांचा आवाजी निरोप!

मी हात वर केला. "थांबा! आता तज्ज्ञांचं ऐका." आणि आवाज फुल करून लावला.

सर म्हणाले, "गुरुजी, समईचा उजेड मस्त धरला. पन तुमी फ्रेममधे काऊन थांबले? मी काय सांगतलं होतं, चालत राहा, थांबलं का मानूस उमटते! आन टॉर्च आपल्याच हनुवटीखाली धरला ना जी! चष्मा काढून तुमी लयच वेगळे दिसता. बाकी फोटो चांगला हाय."

मागच्या अर्ध्या गल्लीच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फ्रेमकडे. मग परत माझ्याकडे.

"चष्मा काढा बरं," त्या म्हणाल्या.

काढला.

"निखिल, खिडकी लाव. मोबाइलचा टॉर्च दे यांच्या हातात. धरा हनुवटीखाली."

धरला. काय करता?

पहिली हसली ती शीतल. दहा दिवसांनी पोरगी हसली. मग निखिल. मग दादा असा हसला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आत्याबाई खुर्चीवर बसल्या, डोळे पुसले, पाणी मागितलं. म्हणाल्या, "जित्तं हाय ना? मंग काई हरकत नाई. तारीख काढा लग्नाची!"

सगळे मोकळे झाले. मी एकटाच टॉर्च धरून उभा. चष्मा काढून मी कधी स्वतःला आरशात धड पाहिलंच नव्हतं हो, दिसत नाही ना काही! स्वतःच्याच पाया पडून नारळ फोडून आलेला माणूस पाहिलाय कधी तुम्ही? पाहून घ्या.

वहिनींनी फ्रेमचा हार काढला, फ्रेम खाली उतरवली आणि उजेडात धरून त्या तेजस्वी चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग काळजीनं माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तब्येत बरी नाई का जी तुमची? गाल पाहा कसे बसले! चंद्रपूरले जाऊन एकदा डॉक्टरले दाखवून या ना."