सवणं उघडं ठेवा

हे लिहायला मी बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि घरात आजवर लिहिलं गेलं ते पत्र किंवा अर्ज एवढंच. नांदेडच्या आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकासाठी सरांनी ‘थंडीत आरोग्य’ असा विषय दिला, तेव्हा दोन दिवस मी पुस्तकातले मुद्दे उतरवून काढले. मग ते फाडून टाकले. थंडीबद्दल मला जे खरंच ठाऊक आहे ते त्या मुद्द्यांत नव्हतं.

आमचं गाव औशाच्या पुढे. भूकंपात आमचं दगडी घर पडलं नाही, पण मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली. मागची आळी पूर्ण बसली. तेव्हापासून माय त्या घरात झोपायला तयार नव्हती. अंगणात पत्र्याचं शेड मिळालं, तेच घर झालं. पत्रा डोक्यात पडला तरी माणूस मरत नाही, एवढा त्याचा आधार होता. पण आमचं जुनं, मातीच्या धाब्याचं म्हणजे माळवदाचं घर थंडीत जेवढं ऊबदार, तेवढाच पत्रा गार. पहाटे आतून पत्र्याला पाणी सुटायचं आणि थेंब थेंब वाकळेवर पडायचं. दुसऱ्या थंडीत मायला दम लागायला लागला. औशाच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: हिला ऊब द्या, आणि हिला धूर लागू देऊ नका. दोन्ही एकदम कसं करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मी तेव्हा लातूरला बारावीला होतो. गावोगावची पोरं क्लाससाठी येत होती आणि घरमालक गच्चीवर, जिन्याखाली, जमेल तिथं खोल्या काढत होते. माझ्या खोलीत आम्ही दोघं. दुसरा मुखेडकडचा, भरपूर बोलणारा. पण बोलण्यापुरताच; संध्याकाळी तो दिवा स्वतःकडं ओढून घ्यायचा आणि मग पाच तास खोलीत दोन पाठी असायच्या, एकमेकींकडं वळलेल्या. घरचा डबा सकाळच्या एसटीनं यायचा. रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत जायचा, आणि झाकणात घडी घालून मी चिठ्ठी ठेवायचो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, चौथी शिकलेले. ते अक्षर अक्षर लावून मायला वाचून दाखवायचे.

थंडीसाठी मला सुचेल ते मी कळवत होतो. क्लासच्या चाचण्यांचे जुने पेपर गठ्ठ्यानं पाठवले आणि लिहिलं, खळ करून पत्र्याला आतून दोन-तीन थर चिकटवा. खालच्या फटीत बारदाना कोंबा. वाकळेखाली तुराट्यांवर पोती अंथरा, जमिनीचा गारठा वर येत नाही. अण्णांनी सगळं केलं. पत्र्याचा घाम थांबला, असं त्यांनी उलट कळवलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की शिकून काही होतं.

मग रसायनशास्त्राच्या तासाला सरांनी कार्बन मोनॉक्साइड शिकवला. त्याला वास नाही, रंग नाही; बंद खोलीत निखारे ठेवून झोपलेली माणसं उठत नाहीत. मी वहीत काही लिहिलंच नाही. मायच्या अंथरुणाशेजारी घमेल्यात विस्तव ठेवतात, हे मला माहीत होतं. आणि फटी तर मीच बुजवायला सांगितल्या होत्या.

खोलीवर येऊन चिठ्ठी लिहायला घेतली. आधी पुस्तकातला शब्द लिहिला, ‘वायुवीजन’. अण्णांना कळणार नाही म्हणून खोडला. मग गावाकडचा शब्द आठवला. माळवदाच्या छताला मधोमध भोक असतं, त्यातून उजेड येतो आणि धूर जातो. त्याला आमच्याकडं सवणं म्हणतात. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘विस्तव असेल तर झोपताना सवणं उघडं ठेवा. मायच्या जिवाचा प्रश्न आहे.’

मुखेडकर खांद्यावरून वाचत होता. “काय डॉक्टरसाहेब, ॲडमिशनच्या आधीच औषध लिहून राहिले? फी किती तुमची?”

“गप रे.”

“सही तर डॉक्टरसारखी कर. वाचता नाही आली पायजे.”

मीही हसलो. योग्य शब्द सापडला म्हणून मी खूश होतो.

त्यानंतर अण्णांच्या चिठ्ठ्या आखूड झाल्या. ‘सर्व ठीक. अभ्यास कर.’ मी दोनदा विचारलं, ‘सवणं उघडं ठेवता ना?’ उत्तर आलं, ‘हो.’ पुढं भाकरी बदलली. जाड, कडेला कच्ची. सराव परीक्षा चालू होती, माझं डोकं तापलेलं होतं. मी लिहिलं, ‘मायला सांगा, भाकरी नीट भाजत जा. पोट दुखतं.’ त्याला उत्तर आलं नाही. दिवसभरात माझ्याशी कुणी चार वाक्यं बोलत नव्हतं, म्हणून त्या न आलेल्या उत्तराचा मला फार राग आला.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी डबा घ्यायला स्टँडवर गेलो, तर गाडीतून डबा आलाच नव्हता. अण्णा बाकावर बसले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली.

“पेपर कसा गेला?”

“बरा गेला. तुम्ही इकडं कसे काय? डबा कुठाय?”

“डबा न्हाई आज. तुझी चुलतीच करत व्हती इतके दिस. आज ती रानात गेली.”

“आणि माय?”

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तू लिहिलं ना, सवणं उघडं ठेवा म्हणून. पत्र्याला कुठलं आलं सवणं? म्हणलं, पोरगं जुन्या घरात झोपा म्हणून राहिलंय. मी म्हणलं तिला, लेकरू शिकलंय, उगं लिहिणार न्हाई. तवा गेली.”

“मी तसं नव्हतं लिहिलं, अण्णा. पत्र्यात भोक पाडा, एवढंच...”

“आत गेली, पर झोपली न्हाई. भिंतीकडं बघायची अन् उंबऱ्यावर जाऊन बसायची. रोज रातभर. लई गारठा लागला. महिना-दीड महिना अंगावरच काढलं तिनं. निमोनिया म्हणले डॉक्टर.”

मी विचारलं, “कुठं आहे ती?”

“भिऊ नको. बरी हाय आता. नऊ दिस हितंच व्हती, लातूरला, सरकारी दवाखान्यात. तिच्या खिडकीतून तुझ्या क्लासची पाटी दिसायची. तीच म्हणली, पेपर होईस्तवर त्याला सांगू नका.”

“मग चला ना, आत्ता जाऊ.”

“सकाळीच सुट्टी झाली तिला,” अण्णा म्हणाले. “तुझ्या मामासंगं नऊच्या गाडीनं गेली गावाकडं.”