झाडाला भेटायची वेळ

मुलुंडला पालिकेचं खत आणि लाकूडकचऱ्याचं केंद्र चालवायला कंत्राटदार निवडायचा होता. मी समितीत होतो. जागा पाहायला आलेले सगळे इच्छुक कंत्राटदार वीज-पाण्याचं विचारत होते. एक पन्नाशीच्या बाई मात्र पडलेल्या गुलमोहराच्या खोडावर हात ठेवून उभ्या होत्या. खताची वाफ त्यांच्याभोवती धुक्यासारखी तरंगत होती.

"काही विचारायचंय, मॅडम?"

"आमच्या दारातलं झाड ट्रकमधून नेलं, तेव्हा मी मागोमाग आले होते. गेटवर अडवलं. जो चालवेल त्याला सांगा ना, माणसांना आपलं झाड बघायला आत येऊ द्या म्हणून."

त्यांचीही निविदा होती, पण काम दुसऱ्याला मिळालं. तेवढी अट मात्र मी कंत्राटात घालून घेतली.

परवा तिथे एक आजोबा फणसाच्या ओंडक्याला टेकून शांत झोपले होते. ऑपरेटर लाकडाचा भुगा करायचं मशीन बंद करून सावलीत बसला होता.