साहेबाच्या घोड्याचं नाव

वायव्य सरहद्दीवरच्या इंग्रजांच्या लढायांची जुनी सचित्र पुस्तकं मी प्रेमानं जमवत नाही, रागानं जमवतो. आमच्या घराण्यात इंग्रजी वाचणारा पहिला मीच. आणि वाचल्यावर राग आला नसता, तर शिकून काय उपयोग?

सांगलीच्या एका रद्दीवाल्याकडं मिळालेल्या पुस्तकात एक चित्र आहे. उघडीबोडकी खिंड, घोड्यावर गोरा अधिकारी, मागं चढण चढणारे मराठा पलटणीचे शिपाई. चित्राखालच्या ओळीत साहेबाचं नाव आहे, त्याच्या घोड्याचंही आहे. आपल्यांसाठी एकच शब्द: 'माणसं'. माझे पणजोबा त्याच सरहद्दीवर होते.

यंदा चुलतभाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. उंब्रजजवळच्या आमच्या गावात मिरवणूक ठरली. त्याचा थोरला भाऊ, आमचा दादा, माधवनगरला माझ्या घरी आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "त्ये पलटणीचं पान फाडून दे रं. फ्रेम करून स्टेजवर द्यायचं हाय."

"फोटो काढून न्या, दादा. पान मिळणार न्हाई."

"झेरॉक्स देऊ व्हय फौजी माणसाला? जुनं, खरं पायजे."

मी खालची ओळ मराठीत सांगितली. घोड्याच्या नावाशी तरी तो थबकेल असं वाटलं होतं. कसलं काय!

"मग तेवढी पट्टी कापू. कोण वाचतंय?"

"मी वाचतो."

"लय शाणा झालास! आपल्या माणसाचा सत्कार नको, गोऱ्याचं बुक पायजे. कालेजात ह्येच शिकलास?"

"ओळ कापली की बघणाऱ्याला वाटंल, आपल्या मानासाठीच चित्र काढलंय. ह्ये खोटं मी आपल्या भिंतीवर टांगू देणार न्हाई."

चहा तसाच ठेवून तो गेला.

मिरवणुकीत भावकीतल्या सगळ्या पुरुषांना फेटे बांधले. मला कोणी विचारलं नाही. मी मुद्दाम बोडक्यानंच जीपच्या पुढं चाललो. हवालदारानं मला पाहिलं आणि मान फिरवली. ते मात्र लागलं.

परवा वहिनीकरवी दादाचा निरोप आला, आख्खं बुकच विकत देतोस का? मी उलट सांगितलं, विकणार नाही. हवालदाराला घेऊन या, त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवतो. मग तो म्हणाला तर पान माझ्या हातानं फाडून देईन.

अजून कोणी आलेलं नाही.