सहादेवच्या जीपचं उजवं चाक

सहादेवला जगात एकाच गोष्टीची धास्ती होती. कुणीतरी हळू आवाजात काहीतरी विचारील, याची. सायलेन्सर नसलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवर बारा हंगाम काढले होते गड्यानं. कानांनी केव्हाच हात टेकले होते. पण हे त्यानं कुणाला सांगितलं असेल तर शपथ! बायकोला वाटायचं, नवरा मुद्दाम ऐकत नाही. तिचं एक वेळ ठीक, कुठल्या बायकोला तसं वाटत नाही? पण रोज सकाळी जीपमध्ये बसणाऱ्या अकरा बायकांना कळलं तर? बहिऱ्याच्या गाडीत कोण बसेल?

पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावातून या बायका घाटाखालच्या बागायतीत कांदा लावायला जायच्या. सकाळी घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी.

डिसेंबरातल्या एका सकाळी घाट उतरून झाला आणि मागून सहादेवच्या पाठीत धपाटा बसला. बनुबाई! वीस वर्षं एकटीनं पिठाची गिरणी चालवलेली बाई, हात काय हलका असणार?

"भाऊ, चाक घुमतंय तुमचं! आठ दिस झालं ऐकतीय मी. म्हटलं, तुमालाबी येतच असंल ऐकू."

 सहादेवला कसलाच आवाज आला नव्हता. पण माणूस घाबरला की आधी खोटं बोलतो.

"येतोय की! टायरचा हाय तो. नवीन टायर तसंच वाजतं."

"टायर न्हवं. माझ्या गिरणीचं बेरिंग गेलं तवा अस्संच घुमत हुतं. चौथ्या दिशी पट्टा तुटून भिंतीवर आदळला. डावीकडं वळलं की वाढतोय बगा आवाज."

बायकांना शेतावर सोडून सहादेव थेट छगन मिस्त्रीच्या गॅरेजकडं निघाला. काच खाली केली, मान बाहेर काढली, गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली. काही म्हणजे काही ऐकू येईना. आवाज आला असता तर निदान कळलं तरी असतं की कशाला भ्यायचं. 

"डावीकडं वळलं की वाढतो का?" सहादेवनं बनुबाईचं बोलणं सांगितल्यावर छगननं जॅक लावत विचारलं. "मग उजवं चाक. वळताना भार तिकडं येतो, मामा." त्यानं चाक वरखाली धरून हलवलं. चाक दुधाच्या दातासारखं डुगडुगलं. मग त्यानं ते फिरवलं. "ऐका."

"लई आवाज हाय रे," सहादेव मान डोलवत म्हणाला.

छगननं डावं चाकही उचललं आणि फिरवलं. "आन् ह्याचा?"

"ह्याचाबी हायच की!"

छगनचा हात थांबला. तो जवळ आला आणि कानाशी ओरडला, "मामा, ह्याला आवाजच न्हाई!"

सहादेवला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.  छगननं त्याचं मनगट धरलं, तळवा उजव्या चाकामागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यावर टेकवला आणि चाक फिरवलं. तळव्याखाली खरखर झाली, जात्यात वाळू दळावी तशी. डावीकडं तसंच केलं, तिथं सगळं गुळगुळीत.

चाक उघडलं तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं.

"गाडी पाण्यात घातली हुती का?"

घातली होती. दसऱ्याला मुळा नदीच्या पात्रात निम्मी चाकं बुडेस्तोवर उभी करून धुतली होती. सगळेच धुतात! पळून तापलेली चाकं गार पाण्यात गेली की पाणी आत ओढून घेतात, हे कुणाच्या गावी? सहादेवनं वरून झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि पाणी आत घेऊन दोन महिने घाट केला.

"बेरिंग गेलं आन् चाकामधलं हब बी खाल्लं," छगन म्हणाला. "सगळं बदलावं लागंल. आनखी दोन-चार येळा घाट उतरला असता, तर चाक दरीत आन् त्येच्या मागं तुमी."

सहादेव खालीच बसला. अकराच्या अकरा तोंडं डोळ्यांपुढं आली.

दुपारपर्यंत नवं हब बसलं. आता भीती जायला हवी होती ना? पण चाक बदललं, कान तेच होते. संध्याकाळी बायका गाडीत बसल्या तरी सहादेव चावी फिरवीना.

"बायांनो," तो मागं वळून म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई. लई दिसांपास्नं."

कुणी काही बोललं का, तेही त्याला कळलं नाही. मग बनुबाई त्याच्या कानाशी आली.

"म्हाइत हाय! मग आमी काय हौस म्हनून बोंबलतो व्हय तुमच्याशी?" बायका हसल्या. बनुबाई मात्र हसली नाही. "मानसाचं ऐकू येत न्हाई हे ठावं हुतं, भाऊ. गाडीचंबी येत न्हाई हे न्हवतं ठावं. आजचा घाट चढवा, मी म्होरं बसते. पर गावात पोचलं की चावी माझ्याकडं. आधी कान, मग गाडी."

गावात पोचल्यावर त्यानं मुकाट्यानं चावी तिच्या हातावर ठेवली.

पंधरा दिवसांनी सहादेव नगरहून कानात मशीन घालून आला आणि चावी परत मिळाली. पण काय सांगायचं! आगीतून फुफाट्यात. दार खडखडे, काच थरथरे, हे कधीपासून वाजतंय? बायकांना घेऊन निघाल्यावर मैलभरात तो तीनदा उतरला आणि दर वेळी उजव्या चाकाला हात लावून आला.

"अवो, चाक न्हवं, माझा डबा वाजतोय तो!" मागून कुणीतरी खेकसलं.

घाटाचं तोंड आलं आणि एकदम सगळं गप्प झालं. फक्त इंजिन आणि टायर.  मशीन बंद पडलं की काय? सहादेवनं कान चाचपला, गाडी आणखी हळू केली.

"बनुबाई," त्याचा आवाज कापत होता, "कुनी बोलत का न्हाई?"

बनुबाईचा इतका हळू आवाज त्यानं आजवर कधी ऐकला नव्हता.

"तुमाला गाडी ऐकू यावी म्हनून गप बसलोय, भाऊ. भ्या आमालाबी वाटतंच की."